जुन्या उघड्या जीपची बॉडी रबरं: नवी टाकण्याआधी काय तपासाल

तुमची गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७० च्या दशकातली, कॅनव्हासच्या हुडची, आणि राहणं सावंतवाडीकडे. तक्रारी तीन. आडव्यातिडव्या खड्ड्यात गाडी गेली की पायाखालून ‘टक’ असा आवाज येतो, क्लचचं पेडल फ्लोअरच्या खाचेला घासतं, आणि बॉनेट एका बाजूला नीट बसतं तर दुसऱ्या बाजूला उचललेलं राहतं. खाली वाकून बघितलंत तर बॉडी आणि चेसिसच्या मध्ये कुठे चेपलेलं रबर, कुठे लाकडाचा गुटका, कुठे टायरचा तुकडा, आणि एका ठिकाणी काहीच नाही. मेकॅनिक म्हणतो बॉडी उतरवा. तुमचा प्रश्न असा की बॉडी न उतरवता एकेक रबर बदलून भागेल का, आणि पॉलीयुरेथेनची, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या कृत्रिम मालाची, घ्यावीत का.

आधी उत्तर देतो, मग कारणं. बॉडी न उतरवता रबरं बदलता येतात आणि बहुतेक गाड्यांची मी तशीच बदलतो. पॉलीयुरेथेन या गाडीला मी घालणार नाही. पण तुमचा मेकॅनिक उगाच खर्चात पाडतोय असंही नाही. तो काय बघून बोलला ते तुमच्या वर्णनातून कळत नाही, एवढंच. फ्लोअरखालचे चॅनल, म्हणजे फ्लोअरला खालून आधार देणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, गंजून गेले असतील तर त्याचं बरोबर आहे. चॅनल शाबूत असतील तर दोन जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड) आणि मदतीला एक सबुरीचा माणूस एवढ्यावर काम होतं. म्हणजे खरा प्रश्न रबराचा नाहीच. रबर ज्यावर टेकलंय आणि रबरावर जे टेकलंय, त्यांची अवस्था काय हा आहे.

तुमच्या तिन्ही तक्रारी मी एकच धरतो. या जीपमध्ये चालवणाऱ्याच्या हातापायाशी येणाऱ्या वस्तूंपैकी काही चेसिसवर आहेत आणि काही बॉडीवर. ब्रेक आणि क्लचची पेडलं चेसिसला धरलेली, ती फ्लोअरच्या खाचेतून वर येतात. गिअरचा आणि ट्रान्सफर केसचे (फोर-व्हील ड्राइव्हच्या डब्याचे) दांडेही खालून, फ्लोअरच्या भोकातून. स्टिअरिंगचा डबा चेसिसला बोल्ट केलेला, पण कॉलम वर डॅशबोर्डाखाली क्लॅम्पने बॉडीला बांधलेला. रेडिएटर आणि पुढची जाळी चेसिसच्या पुढच्या क्रॉस मेंबरवर बसते, तर बॉनेटच्या बिजागऱ्या काउलवर (विंडशील्डखालच्या पत्र्याच्या भागावर), म्हणजे बॉडीवर. त्यामुळे बॉडी चेसिसवर जराशी खाली बसली किंवा बाजूला सरकली की ते आधी या जागांवर दिसतं. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये ही गाडी काढली तेव्हा हरिकेन इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह हेडात घेतल्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं. त्या उंच बॉनेटाची कड सरळ असल्याने चार-पाच मिलिमीटरचा तिरकेपणाही चटकन डोळ्यांत भरतो. तुम्हाला तोच दिसतोय.

पेडलाचा दांडा खाचेच्या कोणत्या कडेला घासतो ते बघून ठेवा. बाजूच्या कडेला घासत असेल तर बॉडी आडवी सरकली आहे, म्हणजे कुठे तरी बोल्टाचं भोक मोठं झालंय. पुढच्या किंवा मागच्या कडेला घासत असेल तर बॉडी खाली बसली आहे. कामाची दिशा यावरूनच ठरते.

आता उघड्या गाडीची गोष्ट. बंद गाडीत छप्पर आणि खांब मिळून बॉडीचा आकार धरून ठेवतात, एखादं रबर गेलं तरी वरची बांधणी बराच भार सांभाळून घेते. जीपच्या टबाला, म्हणजे उघड्या बॉडीला, वर काहीच नाही. पुढे काउल, मागे चाकांवरचे दोन कप्पे, आणि त्यांच्यामध्ये, दाराच्या जागी, फक्त फ्लोअर आणि त्याखालचे चॅनल. विंडशील्डची चौकट बिजागरीवर पडते, तिचा आधार मिळत नाही. कॅनव्हासच्या हुडचा तर प्रश्नच नाही. उलट चेसिस शिडीसारखी बांधणीची, ती पिळवटायचीच. एक चाक चरीत आणि दुसरं दगडावर असलं की ती पीळ खाते, आणि खायलाही हवी. रबराचं एक काम हा पीळ बॉडीपर्यंत जसाच्या तसा पोचू न देणं. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम लोक विसरतात: प्रत्येक बोल्टापाशी बॉडी किती उंचीवर बसणार, हे तेच रबर ठरवतं. छप्पर नसलेल्या गाडीत ही उंची म्हणजेच बॉडीचा आकार.

म्हणून बोल्ट आवळून फट ओढून घेऊ नका. यापुढचं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. खाटेचा एक पाय आखूड असला तरी माणूस आडवा झाला की चारही पाय जमिनीला टेकतात, पण खाटेची चौकट वाकडी होऊन. एका जागी रबर कमी जाडीचं आहे, तिथला नट आवळला, फट गेली, सगळं घट्ट दिसलं, की टब तेवढा कायमचा पिळला गेला. मग बॉनेट एका बाजूला उचलतं, पत्र्याचं दार असेल तर ते खालच्या कोपऱ्यात अडतं, आणि काउलला फेंडर जिथे बोल्ट होतो तिथे पत्र्याला चीर पडते. डेंटर ती चीर वेल्डिंग करून बुजवतो, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा दिसते, आणि दोष वेल्डिंगवर जातो.

निदानाला बसण्याआधी गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या आणि पुरती वाळू द्या. कोकणातली तांबडी माती फ्लोअरखालच्या चॅनलच्या पोकळीत जाऊन बसते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग शाबूत. घाटावरच्या गाड्यांतही हे दिसतं, पण समुद्राकडच्या गाड्यांत फार.

मग टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्टापाशी जा. रबराची कड बाहेर फुगून लोंबते आहे का, रबराला नखाने दाबल्यावर ते दबतं की दगडासारखं झालंय, बोल्टाच्या आसपास लालसर भुकटी सांडली आहे का. ती भुकटी साध्या गंजाची नसते, धातूवर धातू घासून पडते. ती जिथे आहे तिथे बॉडी हलते आहे. ब्रॅकेटवर चकचकीत कडं दिसलं तर अर्थ तोच.

त्यानंतर वर या आणि फ्लोअरवरचं मॅट काढा. या गाडीत बऱ्याच बोल्टांची डोकी वरून फ्लोअरवर दिसतात आणि नट खाली असतो. डोक्याभोवतीचा पत्रा बघा. तो खोलगट झालाय का? तांब्याभर पाणी ओतलं तर डोक्याभोवती डबकं साठतं का? साठत असेल तर तिथे रबर बदलून काही होणार नाही. फ्लोअरखालचा चॅनल पोकळ असतो. बोल्ट त्या पोकळीतून खाली जातो, आणि पोकळीत आवळण्याचा जोर झेलायला नळीचा तुकडा, म्हणजे स्पेसर, लागतो. तो नसला किंवा गंजून गेला की नट आवळताना रबर दबण्याऐवजी चॅनलच चेपतो. आवाज आला की प्रत्येक मेकॅनिक ‘अजून अर्धा आटा’ फिरवतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांत असे कितीतरी अर्धे आटे जमा होतात. रबर चांगलं, बोल्ट घट्ट, आणि बॉडी मात्र त्या कोपऱ्यात सेंटीमीटरभर खाली. असा कोपरा सापडला तर तिथला चॅनल उघडून सरळ करावा लागतो किंवा त्याचा तेवढा तुकडा बदलून आत स्पेसर वेल्ड करावा लागतो. तुमच्या ज्या जागी काहीच नाही म्हणताय, तिथे मला हाच संशय आहे. रबर गळून पडलं असेल, पण ते मोकळं का झालं?

चॅनलची परीक्षा जॅकने होते. फूटभर लांबीची लाकडी फळी जॅकवर ठेवा, ती फळी चॅनलखाली बोल्टाच्या जवळ टेकवा, त्या बोल्टाचा नट चार-पाच आटे सैल करा आणि जॅक अगदी हळू वर घ्या. चॅनल शाबूत असेल तर रबरावरचा भार लगेच सुटतो आणि रबर हाताने फिरवता येतं. चॅनल गेलेला असेल तर जॅक वर जातो, फळी पत्र्यात रुतते, फ्लोअर फुगतो किंवा करकरतो, आणि रबर तिथेच दाबलेलं राहतं. असं झालं की जॅक ताबडतोब खाली. जॅक थेट फ्लोअरच्या पत्र्याला कधीच लावू नका. तो पत्रा भार घ्यायला नाही.

बॉडी हलते का याची खात्री करायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पांढरा ऑइल पेंट मार्कर. ब्रॅकेट आणि चॅनल दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ प्रत्येक बोल्टापाशी ओढा, वाईट रस्त्यावर एक चक्कर मारून या आणि बघा. जिथे रेघ तुटून बाजूला गेली तिथे भोक मोठं झालंय किंवा बोल्ट बारीक आहे. मूळ बोल्ट इंची मापाचे. मधल्या काळात कुणी ८ मिलिमीटरचे बोल्ट घातलेले असतात आणि ते भोकात खेळतात.

मापं घेताना जमिनीपासून घेऊ नका. जुन्या जीपा चालवणाऱ्याच्या बाजूला थोड्या कललेल्या असतात, त्याचं कारण बसलेले पाटे (लीफ स्प्रिंग), बॉडी रबर नव्हे. माप चेसिसच्या वरच्या पृष्ठापासून चॅनलच्या खालच्या पृष्ठापर्यंत, प्रत्येक बोल्टापाशी, व्हर्नियरने. डावं-उजवं समोरासमोर लिहून ठेवा. मग टबाचे दोन कर्ण टेपने मोजा: काउलच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि उलट. दोन्हींत पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर या वयाच्या गाडीत मी तो सोडून देतो. पंधरा-वीस निघाले तर आधी टब अपघातात पिळलेला आहे का ते बघावं लागतं. आणि टब मूळचाच आहे का हेही. पुष्कळ जीपांवर आज हरियाणातल्या डबवालीकडे किंवा स्थानिक वर्कशॉपमध्ये नव्याने बनवलेले टब आहेत; त्यांची भोकं चेसिसच्या ब्रॅकेटशी जुळतीलच असं नसतं, आणि मग जुळवाजुळव करणाऱ्याने गुटके घालून वेळ मारून नेलेली असते. तुमचा लाकडी गुटका कदाचित रबराच्या बदली आलेला नसेल, उंचीतला असा फरक भरायला आला असेल. म्हणून तो फेकण्याआधी त्याची जाडी मोजा.

‘टक’ आवाजाबद्दल थोडी शंका बाकी ठेवतो, कारण या गाडीत असा आवाज करणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. क्लच सोडताना येत असेल तर इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग. सरळ रस्त्यावर ब्रेक मारल्यावर येत असेल तर पाट्यांच्या शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कड्या) आणि बुश आधी बघा. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढताना येत असेल तर शॉक अॅब्सॉर्बरची रबरं. पण गतिरोधक तिरका घेतला, म्हणजे आधी एक चाक आणि मग दुसरं, आणि तेव्हाच आवाज आला, तर चेसिसला पीळ पडताना बॉडी सुटून बसते आहे. तुम्ही ‘आडव्यातिडव्या खड्ड्यात’ लिहिलंय म्हणून मी बॉडीकडे झुकतो. स्टेपनीचं ब्रॅकेट आणि सायलेन्सर फ्लोअरला लागतो का, या दोन जागा मात्र आधी बघा. त्यांनी भल्याभल्यांना फसवलंय.

आता माल. मूळ बांधणीतले बरेच पॅड जाड आणि मऊ नव्हते. कापडाचे थर असलेल्या रबराचे पातळ तुकडे होते. हे लक्षात घेतलं तर पॉलीयुरेथेनचं उत्तर मिळतं. पॉलीयुरेथेनला तेलाचं भय नाही, ते टिकतंही खूप, पण बाजारात मिळणारे बुश बरेचदा कडक आणि मूळ मापापेक्षा उंच असतात. कडक बुशावर चेसिसचा पीळ थेट पातळ पत्र्यात जातो, आणि आपला पत्रा पन्नास वर्षांचा. नव्या जाड टबावर, ऑफ-रोड स्पर्धेच्या गाडीवर मी ते घालेन. तुमच्यासारख्या गाडीला साधारण ६० ते ७० शोर ए कडकपणाचं मोल्डेड रबर पुरे. शक्य असेल तर निओप्रीन हे कृत्रिम रबर मागा, कारण या जीपांच्या इंजिनातून आणि गिअरबॉक्समधून थोडं तेल झिरपणारच आणि नैसर्गिक रबर तेलात फुगतं. ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर ऊन-पावसाला उत्तम, तेलाला नाही.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जीपचा बॉडी रबर सेट म्हणून जे मिळतं ते घेताना एक पॅड हातात घेऊन दुमडून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर तो रिसायकल केलेल्या रबराचा, दोन पावसाळ्यांत भुगा होईल. चांगला सेट नाहीच मिळाला तर खडी क्रशरवरचा नायलॉनच्या थरांचा कन्व्हेयर बेल्ट आणून पंचाने भोकं पाडून पॅड कापा. दिसायला गावठी, पण मूळ पॅडच्या जातीला हाच सगळ्यात जवळचा. टायरचा तुकडा का नको? त्याची जाडी जागोजागी वेगळी, नक्षीचे खड्डे भार घेत नाहीत, आणि रेडियल टायरमधल्या तारा गंजून बोल्टाच्या रंगाला ओरखडत बसतात. लाकूड ओलीत फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. आटलं की बोल्ट सैल.

प्रत्यक्ष काम. आठवडाभर आधीपासून सगळ्या नटांवर रोज थोडं गंज सोडवणारं तेल मारत राहा, तरीही काही बोल्ट तोडावे लागतील हे धरूनच बसा. ग्राइंडर किंवा गॅस लागणार असेल तर सीटखालची पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. बॅटरीची वायर काढा. डॅशबोर्डाखालचा स्टिअरिंग कॉलमचा क्लॅम्प सैल करा, नाहीतर बॉडी वर जाताना कॉलम वाकवायला बघते. अॅक्सिलरेटरची जोडणी, हँडब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल, फ्लोअरवरचे गिअर दांड्यांचे रबरी बूट, हे सगळं मोकळं किंवा निदान ढिलं आहे ना ते बघा. फेंडर काउलला जिथे जोडलेत ते बोल्ट सैल करा, कारण जाळी चेसिसवर राहते आणि काउल वर जाणार. दाराच्या जागी टब कमकुवत वाटत असेल तर काउलपासून मागच्या कप्प्यापर्यंत दोन्ही बाजूंना एक इंची चौकोनी पाइप आधीच्याच भोकांत बोल्ट करून घ्या.

मग दोन्ही बाजूंचे सगळे नट सैल करा. नट पूर्ण काढायचे ते फक्त ज्या बाजूला काम आहे त्या बाजूचे. पलीकडच्या बाजूला चार-सहा आटे अडकलेले राहू द्या म्हणजे टब घसरणार नाही. एकच रबर बदलायला एकाच कोपऱ्याखाली जॅक लावून बॉडी उचलू नका. अख्खी बाजू, पुढच्या आणि मागच्या चॅनलखाली दोन जॅक, दोघांनी एकदम, दहा ते पंधरा मिलिमीटर. त्याहून जास्त उचलायची गरज पडत नाही. उचलल्यावर मध्ये लाकडी पाचर सारा आणि मगच हात आत घाला. जॅक हायड्रॉलिक असेल तर हे दुप्पट लागू.

चेसिसवरच्या ब्रॅकेटची वरची बाजू तारेच्या ब्रशने घासून बघा. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर असेल तर ती आत्ताच भरून घ्यायची, रबर वर बसल्यावर ती पुन्हा दिसणार नाही. वेल्डिंग, ग्राइंडिंग करताना चेसिस नंबर पंच केलेल्या जागेपासून दूर राहा. आरटीओत पासिंगला तोच नंबर घासून बघतात आणि तो पुसट झाला तर रबरांपेक्षा मोठं काम मागे लागेल. ब्रॅकेट साफ झालं की रेड ऑक्साइड, वर काळा रंग, वाळल्यावर पॅड.

आता ज्यासाठी एवढं केलं ते. सगळे नवे पॅड जागेवर, सगळे बोल्ट भोकांतून खाली, पण एकही नट लावायचा नाही. बॉडी स्वतःच्या वजनाने बसू द्या. मग प्रत्येक पॅडपाशी बघा: कुठे पॅड बोटाने फिरतोय, कुठे कागद सरकतोय, कुठे घट्ट आहे. जिथे फट आहे तिथे फटीइतक्या जाडीची पत्र्याची चकती, म्हणजे शिम, पॅडखाली जाईल. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस पत्र्याच्या चौकोनी चकत्या मध्ये खाच पाडून करून ठेवल्या तर बोल्ट न काढता सारता येतात. सुरुवात काउलखालच्या दोन जागांपासून करा, कारण पेडलं, कॉलम आणि बॉनेट यांचं गणित तिथे बसतं. पेडल खाचेच्या मधोमध आलं, कॉलम क्लॅम्पमध्ये ओढाताण न होता आपसूक बसला, बॉनेट दोन्ही बाजूंना सारखं टेकलं, की पुढचा भाग झाला. मग मागे जा. मागच्या भागात दोन्ही कर्ण पुन्हा मोजा. या टप्प्याला घाई केली तर आधीचं सगळं काम गुटक्याच्या लायकीचं राहतं.

सगळ्या पॅडवर भार सारखा आला की नट. ज्या माउंटिंगला आत स्टीलची बाही आहे तिथे बाही टेकेपर्यंत आवळायचं. बाही नसलेल्या साध्या पॅडवर कड किंचित फुगायला लागली की थांबायचं आणि नायलॉक (आपोआप सैल न होणाऱ्या) नटाने किंवा दुहेरी नटाने ती जागा धरून ठेवायची. ताकद लावून पॅडचा पापड करू नका. बोल्ट ८.८ ग्रेडचे, झिंक प्लेटिंग केलेले, सगळे एका मापाचे, आणि वर-खाली रुंद जाड वॉशर; जुन्या पत्र्यात भार पसरवणं वॉशरचं काम आहे.

बॉडी उतरवायचीच असं मी कधी सांगेन? जॅकच्या परीक्षेत दोन्ही बाजूंचे चॅनल रुतले तर. काउलच्या खालचा पत्रा हाताने दाबल्यावर कुरकुरला तर. चेसिसचे दोन-तीन ब्रॅकेट तडकलेले निघाले किंवा चेसिसच्या आतल्या बाजूने पापुद्रे सुटत असले तर. अशा वेळी वर बॉडी ठेवून खालून उलटं वेल्डिंग करणं म्हणजे पैसेही जाणार आणि कामही नीट होणार नाही. एकाच बाजूचा एखादा चॅनल गेला असेल तर ती बाजू उचलून तेवढाच बदलता येतो. मेकॅनिककडे परत जाल तेव्हा ‘बॉडी उतरवू की नको’ असं न विचारता जॅक लावून चॅनल दाखवा म्हणा. त्याने जागेवर दाखवलं तर त्याचं ऐका.

काम झाल्यावर एक भलतीच तक्रार येऊ शकते: हेडलाइट मंद, पेट्रोलचा काटा वेडावाकडा. वर्षानुवर्षं गंजलेल्या बोल्टांतून आणि चेपलेल्या रबरांतून बॉडीला चेसिसचं अर्थिंग मिळत होतं, आता नव्या रबरांनी आणि रंगाने ते तोडलं. टाकीतला फ्लोट बॉडीवर, त्याचं अर्थिंग बॉडीतून. बॉडी ते चेसिस एक आणि इंजिन ते चेसिस एक अशा दोन विणलेल्या अर्थ पट्ट्या, रंग खरवडून, स्वच्छ धातूवर बोल्ट करा. जुन्या पट्ट्या असतील तरी बदलून टाका, आत हिरव्या पडलेल्या असतात.

दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. नवं रबर थोडं बसतंच. त्या वेळी आवळताना एखादाच नट बाकीच्यांपेक्षा जास्त फिरला तर तिथे शिम कमी पडलीय, नट ओढू नका, जॅक लावून शिम घाला. आणि एवढं करूनही तिरक्या गतिरोधकावर ‘टक’ राहिलाच, तर पुढच्या शॅकलना पहार लावून हलवून बघा.